उंबऱ्यावरचा पंचा

नवरा घरी यायच्या वेळेला कौसल्या पंचा घेऊन उंबऱ्यावर उभी असायची. दिवसभर लोकांच्या फरशा मशीनने घासून तो गिरणीवाल्यासारखा पांढरा होऊन यायचा. "हलू नका म्हटलं ना!" असं दटावत ती त्याची पाठ झटकायची, आणि दोघंही शिंकता शिंकता हसायची.

मग ठेकेदाराने घासतानाच धूळ ओढून घेणारा मोठा व्हॅक्यूम आणला. नवऱ्याचा खोकला गेला. कौसल्याने देवापुढे साखर ठेवली. पण आता तो स्वच्छ कपड्यांत सरळ आत येऊन टीव्हीपुढे बसायचा, आणि दिवेलागणीला तिचा हात उगाचच खुंटीवरच्या पंच्याकडे जायचा.

परवा तो दारातच थांबला. तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"अहो, धूळ कुठाय?"

"नसू दे. तू झटक, मी हलत नाही."