चौसाळ्याच्या रस्त्यावरची हाक

जीप सुटलीच होती. कागद चोख, बोलणं गोड. त्रिंबक जमादारांनी हात हलवून रस्ता दिला आणि तेवढ्यात मागच्या सीटवरून एका पोरीचा आवाज आला, “मामा!”

“थांबव बे गाडी!” जमादार असे ओरडले की शेजारची नवी शिपाई शिवानी दचकलीच.

सकाळपासून दोघं चौसाळ्याजवळ हमरस्त्यावर उन्हात करपत होती. पंधरा वर्षांच्या एका पोरीला लग्न लावून द्यायला जीपमधून नेतायत, एवढाच निरोप होता. फोटो नाही, गाडीचा नंबर नाही. जीप निसटली तर दुपारी तिच्यावर अक्षता पडणार. डोळ्यांत तेल घालून शिवानी प्रत्येक पोरीचं तोंड बघत होती. आणि जमादार? ते आपले गप्पा हाणत होते! कुणी ‘मामा, सोडा की’ म्हणून गयावया करी, कुणी ‘काय मामा, वळखलं का?’ म्हणून सलगी दाखवी. बिनहेल्मेटवाले तर थेट ‘मामासाहेब’वर जात. जमादार सगळ्यांना हसून ओ देत. शिवानीला अस्सा राग आला होता म्हणता!

आता मात्र जमादारांनी जीपची किल्लीच काढून घेतली. पुढे बसलेला माणूस हसत म्हणाला, “पुतणी हाय माझी. तापात बडबडती. दवाखान्यात चाललोय.”

“असं व्हय? मग तिलाच इचारू. शिवानी, उघड दार.”

पोरीनं तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला. दोन्ही गाल हळदीनं पिवळेजर्द. तिनं शिवानीचा हात घट्ट धरला.

“ताई, मला शाळेत जायचंय,” एवढंच बोलली आणि हमसाहमशी रडायला लागली.

जीप ठाण्यावर आली. पोरीला चहा पाजून, तिचा जबाब घेऊन शिवानी बाहेर आली. काय माणूस आहे हा! तिला स्वतःच्या रागाची लाज वाटली.

“जमादार, मी नुसती तोंडं बघत बसले. तुमाला कळलं कसं?”

“तीस वर्सं झाली,” जमादार म्हणाले, “लोक मामा म्हनतेत ते गाडी सुटावी म्हनून. गाडी सोडल्यावर हाक मारनारी ही पयलीच.”