आखाजीचा जावई

आमच्या थोरल्या जावयाला, भटूला, पाहुण्यासारखं बसणं जमतच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आला आणि ताटात खापराची पोळी पडायच्या आधीच अंगणात आमच्या पिकअपच्या इंजिनात डोकं घालून उभा. सासू जावयाला राबवते, असं बोलायला शेजारणी टपलेल्याच! पण गाडी सारखी तापून बंद पडायची, म्हणून माझ्या पोराने धाकट्या लेकीला सासरहून, पिंपळनेरहून आणायचं रद्द केलं होतं. लेक आली नाही तर माझी कसली आखाजी?

तेवढ्यात जावयाने घरात येऊन चुलीवरच्या उकळत्या पाण्यात एक तेलकट झडप सोडली.

"हे काय हो, जवाईबापू? चहाचं पातेलं आहे ते!"

"गाडीचा थर्मोस्टॅट, मामी. एवढ्या उकळत्या पाण्यातही उघडत नाही, बघा. म्हणून गाडी तापते. फोनवर ऐकलं तेव्हाच शंका आली होती, म्हणून नवा धरणगावहून येतानाच आणलाय."

त्याने नवा बसवला. पोरगा गाडी घेऊन गेला आणि दिवस मावळायच्या आत धाकटी लेकरांसकट दारात उतरली. गाडी वाटेत एकदाही तापली नव्हती.

मी शेजारणींच्या देखतच जावयाला सुनावलं, "भटू, पुढल्या आखाजीला तुला आवतन नाही. घरच्या पोराला कुणी आवतन धाडतं का?"