कैलासवासी लेखकाची परवानगी

"शेवट का बदलायचाय?" कैलासवासी नाटककार दिगंबर सबनीसांनी यंत्रातून विचारलं.

सांगलीच्या हौशी नाट्यसंघाची दिग्दर्शिका वृंदा आरवाडे बिचकली. प्रयोगाचे हक्क हवे असले, की लेखकाच्या जपून ठेवलेल्या मनालाच विचारावं लागे, आणि सबनीसांनी आजवर कुणाला साधा स्वल्पविरामही बदलू दिला नव्हता.

"नायिका नवऱ्याकडे परत जाते, हे आमच्या मुलींना पटत नाही," ती धीर करून म्हणाली.

"मलाही पटलं नव्हतं," सबनीस म्हणाले. "निर्माता हटून बसला होता." मग आवाजात कुतूहल आलं. "तुमची नायिका निघताना काय म्हणते?"

"ते अजून सुचलेलं नाही."

"मग बसा," सबनीस म्हणाले. "मेल्यापासून मीही एक ओळ लिहिलेली नाही."

वृंदानं खुर्ची पुढे ओढली.