अठरा फटक्यांची अट

लालबागच्या त्या टॉवरमध्ये पार्किंगच्या छतावर सहा खड्ड्यांचं चिमुकलं गोल्फ मैदान होतं. एकाही खड्ड्याकडे सरळ वाट नव्हती. चेंडू मधल्या खांबांना नाहीतर कडेच्या कठड्याला धडकायचा. जुन्या चाळकऱ्यांची नवी इमारत त्याच आवारात होती, पण त्यांना तिथे खेळायला मज्जाव होता.

चाळकऱ्यांतर्फे शालन परब खेळायच्या परवानगीसाठी चौथा अर्ज घेऊन आल्या, तेव्हा टॉवरचे सेक्रेटरी हसले.

"परबबाई, हा खेळ शिकावा लागतो. सहाही खड्डे अठरा फटक्यांत करून दाखवा, मग बघू."

"चालेल. रविवारी येते."

रविवारी अख्खी चाळकऱ्यांची इमारत खिडक्यांत उभी राहिली. शालनताईंनी चाळीच्या गॅलरीत तीस वर्षं कॅरम खेळून भल्याभल्यांना रडवलं होतं. त्यांनी सरळ मारलंच नाही. कठड्यावर नेम धरायचा, चेंडू आपटून परत आणायचा आणि खांबामागच्या खड्ड्यात घालायचा.

"गो बाय, काय रिबाउंड मारलंस!" वरून कोणीतरी ओरडलं.

सतराव्या फटक्याला सहावा खड्डाही झाला. सेक्रेटरींनी घाम पुसत एक पास पुढे केला.

"मानलं तुम्हाला. पण हा फक्त तुमच्यापुरता हं. बाकीच्यांनी आधी अठरात करून दाखवायचं. नियम म्हणजे नियम."

 

शालनताईंनी पास घेतला नाही, उलट स्टिकच त्यांच्या हातात दिली. "बरोबर आहे. आता तुम्ही खेळा. अठरात नाही झालं, तर उद्यापासून तुम्हीही आमच्याबरोबर बाहेर."