अर्ध्या तासाची शिक्षा

मुलांनो, कल्पना करा, तुरुंगाऐवजी एक खोली आहे. शिक्षेची सगळी वर्षं ती अर्ध्या तासात अंगावर चढवते. चोरीला बारा वर्षं. वय बघायची न्यायाधीशांना मुभा नाही.

तेरा वर्षांच्या मंजुळेने चंद्र बघायला शाळेची दुर्बीण न विचारता घरी नेली. तिच्या वर्गशिक्षिका घैसासबाईंनी तक्रार केली. मंजुळा खोलीतून बाहेर आली ती पंचवीस वर्षांची होऊन. मन मात्र तेराचंच होतं.

"बाई, तुम्ही का रडताय?"

"मला वाटलं, लहान म्हणून सोडतील गं," बाई मान खाली घालून म्हणाल्या.

समोरच्या मैदानात मैत्रिणी लंगडी खेळत होत्या. मंजुळा धावत गेली. "ए, मला पण घ्या ना!"

"काकू, बाजूला व्हा. आमचा डाव चाललाय," सुलभा म्हणाली.

बाईंना तिकडे बघवेना. मंजुळेने एक पाय उचलला आणि लंगडी घालत ती सुलभाच्या मागे लागली.