काळी चार, पांढरी सहा

"एकच लेंगी," तांड्याचे नाईक रतनसिंगांनी बोट वर केलं. "जमनाबाईनं मधीच गाणं सोडलं की तुझे बॉक्स टेम्पोत. मग पुन्हा तांड्यात आणायचे न्हाईत."

रणजीतनं मान डोलावली. हिंगोलीपासून नांदेडपर्यंत वराती गाजवणारा हा डीजे, पण स्वतःच्या बंजारा तांड्यात त्याला आजवर कुणी वायरसुद्धा जोडू दिली नव्हती. कारण सरळ होतं. होळीची लेंगी बायका गळ्यानं गातात आणि डीजेचा बॉक्स कुणाचं ऐकत नाही.

दोन हजार सहाच्या या होळीला मात्र रणजीत हट्टाला पेटला होता. धिंगाण्याच्या सीड्या त्यानं घरीच ठेवल्या. सोबत आणलं ते डीप हाऊस: संथ, बिनशब्दांचं, पोटात हळूच घुमणारं. वरातीत लावलं तर नवरदेव घोड्यावरच पेंगेल, असलं. प्रत्येक सीडीवर त्यानं स्केचपेननं तिचा सूर लिहिला होता, भजनातला पेटीवाला कोंडीबा सांगतो तसा. काळी चार. पांढरी सहा. काल, लेंगीचा पहिला सूर देणाऱ्या जमनाकाकीला गुणगुणायला लावून त्यानं पेटीवर तिचा सूरही पाहून ठेवला होता. काळी चार, बराबर.

सकाळच्या उन्हात चाळीस बायकांनी गोल धरला. जमनाबाईंनी पहिला सूर लावला, मागून सगळ्या आल्या. रणजीतनं काळी चारची सीडी त्यांच्या आवाजाखाली अलगद सरकवली. डफ वाजवणारा खेमा चमकून मागं बघायला लागला. जमलं होतं.

तिसऱ्या कडव्याला बिघडलं. पाय जलद झाले आणि बायकांचा सूर वर सरकू लागला. बॉक्स मात्र काळी चारवरच बसून. दोन्ही आवाज एकमेकांना घासायला लागले. जमनाबाईंच्या कपाळाला आठी पडली तेव्हा कुठं रणजीतच्या ध्यानात आलं. काकीनं काल बसून गुणगुणलं होतं! पायांनी ताल धरला की तांड्यातल्या बायकांचा सूर चढतोच. जन्मापासून ते ऐकत आलेल्या या शहाण्याला पेटीपुढं नेमकं तेच आठवलं नव्हतं.

नाईकांनी टेम्पोवाल्याकडं पाहिलं.

रणजीतनं वेगाचं बटण किंचित वर सरकवलं. मशीन जुनं, वेग वाढवला की त्याचा सूरही चढायचा. या खोडीपायी त्यानं मशीनला कितीदा शिव्या हासडल्या होत्या. पण बायकांची खोड तरी वेगळी कुठं होती! केसभर वर. आणखी केसभर. एका कानाला हेडफोन, दुसरा कान काकीकडं. सूर पेटीवरच्या पुढच्याच पट्टीवर, पांढरी सहावर पोचला तशी त्यानं दुसरी सीडी आत घेतली आणि पहिली हळूहळू काढून घेतली. सांधा कुणालाच जाणवला नाही. बायका आता मोकळ्या गळ्यानं गात होत्या. आवाज वारंगा फाट्याच्या सडकेपर्यंत गेला, ट्रकवाले खाली उतरून ऐकत उभे राहिले. रणजीतला रडू येत होतं आणि तो हसत होता.

लेंगी संपली. जमनाबाई धापा टाकत मशीनपाशी आल्या.

"खालून कोन गाऊन राहिलं होतं रे?"

"मशीन, काकी."

"मशीनला काय कळतंय माझा सूर चढला ते! काहून खोटं बोलून राहिला?"

त्या नाईकांकडं वळल्या. "इतकी वर्सं मी सूर देते अन् समदे मागून येतात. माझा सूर ऐकत ऐकत आलेलं हे पहिलंच पोरगं." मग रणजीतला म्हणाल्या, "आता पुढची लेंगी तू धर. आमी येतो मागून."

आणि चाळीस बायका गोल धरून, तोंड मिटून, त्याच्या पहिल्या सुराची वाट बघत उभ्या राहिल्या.