जेवताना मौन

झाशीत खंडेराव गेटजवळच्या त्या घरात कमल बोलायची आणि तिचा नवरा मार्तंड ‘हं’ म्हणायचा. तो तावडीत सापडायचा फक्त जेवणापुरता. ताटावरून उठला की घोरायला लागायचा. म्हणून दिवसभराचं सगळं ती जेवतानाच सांगून घ्यायची, आणि आपण इतकी वर्षं भिंतीशीच बोलतोय असं वाटून वैतागायची.

यंदा चातुर्मास लागला तशी ती म्हणाली, "कार्तिकीपर्यंत जेवताना मौन. मी एक शब्द जरी बोलले, तर भरल्या ताटावरून उठेन. मग कळेल तुम्हाला."

"हं," मार्तंड म्हणाला.

दोन दिवस नुसती भांडी वाजली. तिसऱ्या दिवशी आमटी ओरपता ओरपता तो एकदम म्हणाला, "समोरच्या तिवारीजींची सून माहेरी निघून गेली. स्टेशनवर दिसली मला." आणि पुन्हा आमटीकडे वळला.

कमलचा घास हातातच राहिला. का गेली, कुणाबरोबर गेली, सासू काय म्हणाली? जन्मात एकदा तोंड उघडलं या माणसाने, तेही आत्ता, आणि तेही असं अर्धवट. तिला उपाशीपोटी उठवेना आणि गप्पही बसवेना. शेवटी डोळे वटारून ती नाकातूनच म्हणाली, "हं."

मार्तंडने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "तू नेहमी आधी साडी कुठली नेसली होती ते सांगतेस. थांब, पहिल्यापासून सांगतो."